डेस्कटॉपवर बसवलेला टर्मिनल

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर, सकाळ. वर्कशॉप, लोखंडी जिना, माळ्यावरचा संगणक.]

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिरल्यापासून लेथचा आणि ग्राइंडरचा आवाज कानावर पडत राहतो. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर येथे टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग होते. आपण ज्या वर्कशॉपमध्ये उभे आहोत, तेथील सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे, मशीन जुने असून त्याला पेन ड्राइव्ह लावण्याची सोय नाही. जॉबचा प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत सिरियल केबलमधून, म्हणजे एकामागून एक बिट वाहून नेणाऱ्या तारेतून, पोहोचतो आणि तो पाठवण्याचे काम माळ्यावरचा लिनक्स संगणक करतो. या संगणकाच्या डेस्कटॉपवर, चिन्हांच्या शेजारी, टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून तिचे उत्तर वाचण्याची, एक चौकट कायमची बसवलेली आहे.

तिची गरज केबलच्या वेगातून निर्माण झाली. ९६०० बॉड, म्हणजे येथे सेकंदाला ९६०० बिट, या वेगाने, एका अक्षराला दहा बिट धरले, तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. म्हणजे एक लाख अक्षरांच्या प्रोग्रॅमला पावणेदोन मिनिटे लागतात. शिवाय मशीनची साठवण भरत आली की ते संगणकाला थांबण्याची खूण पाठवते आणि जागा झाली की पुन्हा सुरू करायला सांगते. अशा वेळी पाठवणे थांबले आहे की अडकले आहे, हे खाली मशीनपाशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला कळत नाही. ‘दादा, प्रोग्रॅम गेला काय?’ ही हाक जिन्यातून वर यायची आणि वरच्या माणसाला हातातले ड्रॉइंग बाजूला सारून खिडक्यांच्या गर्दीतून टर्मिनल शोधावा लागायचा.

[दृश्य : डेस्कटॉप जवळून. काळ्या चौकटीत एकेक ओळ सरकते आहे.]

टर्मिनल मुळात असल्याच केबलच्या टोकाला बसलेले यंत्र होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी-१०० या यंत्राला पडदा आणि कीबोर्ड होता, आणि मुख्य संगणकाशी ते सिरियल तारेने जोडलेले असे. आजचा टर्मिनल हा त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. तो लिनक्सच्या कर्नलकडून, म्हणजे गाभ्याकडून, एक आभासी तार मागून घेतो. तारेच्या एका टोकाला शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बसतो, दुसऱ्या टोकाला अक्षरे रंगवणारी चौकट. ही चौकट स्वतंत्र खिडकीत असो की डेस्कटॉपवरच्या विजेटमध्ये, म्हणजे तेथेच बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आतली रचना तीच राहते. म्हणून विजेटमधला टर्मिनल खराखुरा टर्मिनल असतो. त्यात टाइप केलेली कमांड चालते आणि लॉगिन केलेल्या माणसाला जे अधिकार आहेत, ते सगळे त्या कमांडला मिळतात.

डेस्कटॉपवर टर्मिनल हवा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने प्रथम एवढे ठरवावे, की आपल्याला नुसते पाहायचे आहे की टाइपही करायचे आहे. मला हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, कारण वर्कशॉपचा संगणक एकट्याचा नसतो. कोणीही येता-जाता कीबोर्डला हात लावतो, आणि प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या सुडो या कमांडला एकदा पासवर्ड दिला की त्याच टर्मिनलमध्ये पुढची काही मिनिटे तो पुन्हा विचारला जात नाही.

नुसते पाहायचे असेल, तर कॉन्की हा जुना आणि हलका कार्यक्रम पुरेसा आहे. एखादी कमांड ठरावीक सेकंदांनी चालवून तिचे उत्तर तो डेस्कटॉपवर लिहीत राहतो आणि त्यात काही टाइप करता येत नाही. एक्सएफसीई या डेस्कटॉप वातावरणाच्या पॅनेलवर हेच काम जेनमॉन हे प्लगइन करते.

[दृश्य : डेस्कटॉपवर उजवी क्लिक, विजेटची यादी उघडते.]

टाइप करता येणारा टर्मिनल बसवायला केडीई प्लाझ्मा हे डेस्कटॉप वातावरण सोयीचे आहे, कारण २००८ मध्ये केडीई ४ सोबत ते आले तेव्हापासून त्याचा डेस्कटॉप विजेटांसाठीच रचलेला आहे. डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून विजेटची यादी उघडावी, नवे विजेट उतरवून घ्यावे आणि हव्या त्या जागी ओढून सोडावे. टर्मिनलच्या विजेटला बहुधा क्यूएमएल-टर्म-विजेट ही लायब्ररी लागते. ती नसेल तर टर्मिनलऐवजी त्रुटीचा संदेश दिसतो. तेव्हा आपल्या वितरणाच्या पॅकेजांमधून ती आधी बसवून घ्यावी. सिरियल पोर्टसाठी आणखी एक परवानगी लागते: डेबियन आणि उबंटूमध्ये वापरकर्त्याचे नाव डायलआउट या गटात घालून, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते.

येथे एक धोका नीट समजून घ्यायला हवा. प्लाझ्माचे विजेट प्लाझ्माशेल याच प्रक्रियेच्या पोटात चालते, आणि पॅनेल व डेस्कटॉपही तीच प्रक्रिया चालवते. एखाद्या अपडेटनंतर किंवा बिघाडामुळे ती पुन्हा सुरू झाली, की टर्मिनलची चौकट नाहीशी होते, आभासी तारेचे एक टोक सुटते आणि दुसऱ्या टोकावरच्या शेलला तार तुटल्याचा इशारा मिळून तोही बंद होतो. मशीनकडे अर्धा गेलेला प्रोग्रॅम तेथेच राहतो. म्हणून विजेटमध्ये थेट काम सुरू करू नये. वेगळ्या टर्मिनलच्या खिडकीत टीमक्स या कार्यक्रमाचे सत्र उघडून त्यात ते सुरू करावे आणि विजेटमधून त्या सत्राला जोडून घ्यावे, म्हणजे चौकट गेली तरी सत्र मागे चालू राहते आणि नव्या टर्मिनलमधून त्याला पुन्हा जोडून घेता येते.

[दृश्य : एफ-१२ की दाबली जाते, पडद्याच्या वरच्या कडेने टर्मिनल खाली उतरतो.]

या वर्कशॉपने शेवटी पाहणे आणि टाइप करणे या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या. प्रोग्रॅम पाठवताना होणारी नोंद एका फाइलमध्ये जाते आणि तिच्या शेवटच्या काही ओळी डेस्कटॉपवरची चौकट फक्त दाखवते. टाइप करण्यासाठी याक्वेक हा टर्मिनल आहे. तो एफ-१२ दाबल्यावर वरून खाली येतो आणि पुन्हा दाबल्यावर नजरेआड होतो. क्वेक या १९९६ च्या खेळातल्या कन्सोलवरून, म्हणजे कमांड लिहिण्याच्या चौकटीवरून, ही कल्पना आली. याक्वेकची प्रक्रिया प्लाझ्माशेलपासून स्वतंत्र असते. गनोमसारख्या, डेस्कटॉपवर विजेट न ठेवणाऱ्या वातावरणात ग्वाके हेच काम करतो, आणि एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये ही सोय मुळातच आहे.

[दृश्य : नोंदीच्या ओळी, फाइलींची नावे.]

नोंदीतल्या फाइलींची नावे रोमन अक्षरांत आणि आकड्यांत आहेत, यामागेही कारण आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचे एक घर देतो. देवनागरीतली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे त्या घरांत बसत नाहीत. ‘पंप झाकण’ सारखे साधे नाव बहुधा वाचता येते, पण ‘फ्लँज’ किंवा ‘शाफ्ट’ लिहिले की कित्येक टर्मिनलांत अक्षरे सुटी पडतात किंवा एकावर एक चढतात. केडीईचा टर्मिनल कोन्सोल आणि त्याच्यावरच उभा असलेला याक्वेक यात बरे आहेत, तरी ओळीची रुंदी चुकते आणि कर्सर भलत्या जागी दिसतो. मराठीत फाइलींना नावे देऊ पाहणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला ही अडचण येते आणि ती दूर व्हायलाच हवी. तोपर्यंत येथे जॉबचे मराठी नाव प्रोग्रॅमच्या फाइलीशेजारच्या एका तक्त्यात लिहिले जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आला, तेव्हा प्लाझ्मा ५ साठी लिहिलेली विजेटे त्यात आपोआप चालेनाशी झाली. ती नव्याने जुळवून घ्यावी लागतात. त्यामुळे मोठे अपडेट घेण्याआधी आपल्या विजेटची नवी आवृत्ती निघाली आहे का ते पाहावे, आणि मशीनवर जॉब चढलेला असताना अपडेट घेऊ नये.