सॉरी म्हणणारं शस्त्र

जपानच्या उत्तरेला, होक्काइदोतल्या ओतारू बंदरात एक चढ आहे. जिगोकुझाका, म्हणजे नरकाचा चढ. नावावर जाऊ नका, पोरं रोज त्याच वाटेनं शाळेत जातात. 'सायकानो' या जपानी मांगातली (कॉमिक्स मालिकेतली) चिसेही जाते. निम्म्या वाटेतच तिला धाप लागते आणि दर दोन वाक्यांमागे ती 'सॉरी' म्हणते. शुजीशी तिचं नुकतंच जुळलंय. समोरासमोर बोलायची बोंब, म्हणून दोघं एकच वही आळीपाळीनं लिहितात.

मग एके दिवशी जवळच्या साप्पोरो शहरावर बॉम्ब पडतात. जीव मुठीत धरून पळणाऱ्या शुजीला ढिगाऱ्यात ती दिसते. पाठीतून लोखंडी पंख फुटलेले, एका हाताचं शस्त्र झालेलं, कपड्यांच्या चिंध्या. आणि म्हणते काय? सॉरी.

शिन ताकाहाशी यांची ही मांगा मालिका २०००च्या सुमारास सुरू झाली. तिच्यावरचं १३ भागांचं अॅनिमे, म्हणजे अॅनिमेशन मालिका, २००२ साली आलं. मूळ नाव 'साइश्यू हेइकी कानोजो'. पहिले दोन शब्द म्हणजे 'शेवटचं शस्त्र'. 'कानोजो' म्हणजे 'ती', आणि 'गर्लफ्रेंड'सुद्धा.

शत्रू कोण, युद्ध कशावरून पेटलं, कथा सांगतच नाही. अनेकांना हा लेखकाचा आळस वाटतो. मला नाही वाटत. लष्कराचं बोलावणं आलं की फिरायला गेलेली चिसे अर्ध्यातून उठून आकाशात जाते. तिला तरी कुणी काय सांगितलं होतं?

दोन जिवांच्या प्रेमावर अख्ख्या जगाचं भवितव्य टांगलेल्या अशा कथांना जपानी समीक्षक 'सेकाई-केई' म्हणतात. मधला समाज गायब, अशी तक्रारही करतात. इथे मात्र तो शिक्का नीट बसत नाही. शुजीचा मित्र अत्सुशी फौजेत जातो तो चिसेच्या मैत्रिणीसाठी, अकेमीसाठी, आणि अकेमी मरते ती इकडे, घरी. युद्ध ओळखीच्या दारांवरूनच फिरतं.

एकदा शुजी आणि चिसे पळून जातात. समुद्राकाठचं गाव, भाड्याची खोली. जगाचा विध्वंस करणारी ही मुलगी रामेनच्या (नूडल्सच्या सूपच्या) दुकानात वाडगे पोचवते. सगळ्या मालिकेत मला सर्वांत भीतीदायक वाटतात ते हेच निवांत दिवस. कारण तिचं शरीर आतून बदलतंच आहे, आणि ते शुजीला दिसतंय.

शेवटी पृथ्वी संपते. शुजी एकटा वाचतो, चिसेच्याच धातूच्या कवचात. बाहेर ओतारू नाही, शाळा नाही, तो चढही नाही.