एका व्होल्टात एक सप्तक

नमस्कार मंडळी. समोरच्या टेबलावर हा जो रॅक ठेवलाय, त्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, पडदे नाहीत. फक्त बटणं, भोकं आणि लोंबणाऱ्या केबली. मघाशी एका आजींनी जवळ येऊन विचारलं, "हे वाजवतात कुठून?" आजचं बोलणं मी त्या प्रश्नापासूनच सुरू करतो.

घरी हार्मोनियम असेल तर तिची मागची झडप उघडून आत डोकवा. भाता हवा देतो, रीड थरथरते, पट्टी ठरवते कुठल्या रीडला हवा मिळणार, आणि भाता कसा ओढता त्यावर आवाजाचा जोर ठरतो. कामं चार आणि ती एकाच खोक्यात कायमची जोडलेली. समजा ही चारही कामं सुटी केली, प्रत्येकाचं वेगळं खोकं केलं आणि कुठलं कशाला जोडायचं हे तुमच्यावर सोडलं. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे हेच. ऑसिलेटर ही रीड. व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने आवाजाचा जोर कमी-जास्त करणारं खोकं, हा भाता. फिल्टर म्हणजे तोंडावर हात धरून आवाज बोथट करणं. आणि पट्टीवरच्या बोटाच्या जागी इथे व्होल्टेज येतं.

हा व्होल्टेजचा मुद्दा नीट समजून घेऊया, कारण तो समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त दिला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. मध्य षड्ज शून्य व्होल्टला लावला, तर तार षड्ज एक व्होल्टला. सप्तकाचे बारा समान भाग केले तर एक भाग साधारण ८३ मिलिव्होल्टचा. पण ते बारा भाग करायलाच हवेत असं व्होल्टेजला कुणी सांगितलेलं नाही! पेटीचा शुद्ध गंधार ३३३ मिलिव्होल्टला येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार येतो ३२२ ला. फरक अकरा मिलिव्होल्टचा. एवढ्यासाठी पेटीवर किती वाद झाले ते तुम्हाला माहीत आहे. इथे मी हे बटण केसभर फिरवतो आणि त्या गंधारावर जाऊन बसतो. या यंत्राकडे मी वळलो तो याच कारणासाठी, आणि आपल्याकडे गाणं शिकलेल्या माणसाने याच्याकडे वळावं असं मला मनापासून वाटतं तेही याच कारणासाठी.

थोडा इतिहास सांगतो. १९६३-६४च्या सुमारास अमेरिकेत दोन माणसं एकमेकांपासून दूर, जवळपास एकाच वेळी या कल्पनेवर काम करत होती. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आणि कॅलिफोर्नियात डॉन बुकला. मूगने पियानोसारखी पट्टी जोडली, बुकलाने ती मुद्दाम टाळली. त्या दोन वाटा आजही वेगळ्या ओळखू येतात. आणि १९६९ साली मूगचं एक मॉड्युलर थेट अहमदाबादला आलं, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये. ते लावून दिलं डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने, आणि त्यामागे धडपड होती गीता साराभाईंची. गीताबाई पखवाज वाजवायच्या. त्याआधी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत समजावून दिलं होतं. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत आपल्या माणसांनी केलेल्या टेप कित्येक वर्षं पडून होत्या, अलीकडे २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. तेव्हा "हे आपलं नाही" असं कुणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. पन्नास वर्षांपूर्वी हे वाद्य आपल्याकडे होतं, आपण ते वाजवलं होतं आणि मग विसरलो.

त्या काळातलं मॉड्युलर कपाटाएवढं असायचं. आज आपण टेबलावर ठेवतो ते युरोरॅक. जर्मनीत डीटर डोएफर यांनी १९९५ साली ए-१०० ही मालिका काढली आणि तिची मापं पुढे सगळ्यांनी उचलली. उंची १२८.५ मिलिमीटर. रुंदी 'एचपी'त मोजतात, एक एचपी ५.०८ मिलिमीटर. केबली साध्या ३.५ मिलिमीटरच्या, जुन्या हेडफोनच्या पिनेसारख्या, फक्त मोनो. वीज अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट. मापं ठरलेली असल्यामुळे कुठल्याही कंपनीचं मॉड्यूल कुठल्याही रॅकमध्ये बसतं.

आता सुरुवात कशी करायची. माझं स्पष्ट मत सांगतो: ८४ एचपीची एकच ओळ घ्या आणि ती भरून टाकू नका. ८४ एचपी म्हणजे जवळपास हातभर रुंदी. माझ्या या रॅकमध्ये ऑसिलेटर १० एचपीचा. फिल्टर, एन्व्हलप (सूर कसा उमलतो आणि विरतो ते ठरवणारा), दुहेरी व्हीसीए, एलएफओ (संथ हेलकावा देणारा) आणि मिक्सर प्रत्येकी ८. एक फंक्शन जनरेटर २० चा आणि आउटपुट ६ चं. झाले ७६. उरलेल्या आठ एचपीवर कोरी पट्टी लावली आहे, आणि दोन वर्षं ती तशीच आहे.

नवीन माणूस नेहमी उलटं करतो. तीन ऑसिलेटर घेतो, दोन फिल्टर घेतो, कारण आवाज तिथून येतो असं दिसतं. व्हीसीए आणि अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं कमी करणारं बटण, ही बिनचेहऱ्याची मॉड्यूल्स, त्यांच्यावर पैसे घालायला जीवावर येतं. पण संगीत तिथे घडतं. हे मी दरबारीच्या गंधारावरून दाखवतो.

दरबारीचा गंधार पेटीच्या कोमल गंधाराच्या खाली आणि आंदोलित. पेटीचा कोमल गंधार २५० मिलिव्होल्टला. मी त्याच्या खाली येतो. किती, ते ज्या गुरूकडे शिकलो त्यांच्या गळ्याने ठरवलं, आकड्याने नाही. आता आंदोलन. त्यासाठी एलएफओ, म्हणजे कानाला ऐकू न येणारा संथ हेलकावा, सेकंदाला एकाच्या आसपास. तो सरळ ऑसिलेटरला जोडला तर काय होतं? एलएफओ उणे पाचपासून अधिक पाच व्होल्टपर्यंत झुलतो. दहा व्होल्ट म्हणजे दहा सप्तकं! गंधार कुठला, नुसता भोंगा वाजतो. मला हवाय पंचवीस-तीस मिलिव्होल्टचा हेलकावा, म्हणजे त्या दहा व्होल्टचा तीनशेवा-चारशेवा हिस्सा. एका अ‍ॅटेन्युएटरच्या बटणावर एवढं बारीक सापडत नाही, बोट थरथरलं तरी निसटतं. मग दोन अ‍ॅटेन्युएटर एकामागे एक लावायचे. पहिला अंदाजे वीस-तीस पट कमी करतो, दुसऱ्यावर बारीक जुळवणी. आणि आंदोलन सुरू झाल्या झाल्या पूर्ण भरात यायला नको, सूर स्थिरावल्यावर हळूहळू यायला हवं. म्हणून एलएफओ एका व्हीसीएतून नेतो आणि तो व्हीसीए एका संथ एन्व्हलपने उघडतो. बघा, एका गंधारासाठी दोन अ‍ॅटेन्युएटर आणि एक व्हीसीए लागला. ऑसिलेटर एकच.

मींडही तशीच. व्होल्टेज एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतं, ती उडी फंक्शन जनरेटरमधून नेली की उतार होतो. चढण किती वेळात आणि उतरण किती वेळात, हे वेगवेगळं ठेवता येतं. क्वांटायझर नावाचं मॉड्यूल बरोबर उलटं काम करतं, सगळं बारा सुरांत आणून बसवतं. उपयोगी आहे, पण पहिल्याच महिन्यात घेऊ नका, कानाला आळस लागतो.

विजेबद्दल दोन शब्द, कारण इथे नुकसान होतं. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअ‍ॅम्पिअर खातं हे लिहिलेलं असतं. अधिक बारा आणि उणे बारा या दोन्ही बाजूंची वेगवेगळी बेरीज करा आणि पुरवठा त्याहून निदान पाव हिस्सा जास्त घ्या. आणि मागची चपटी रिबन केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती उणे बारा व्होल्टची बाजू. मी एकदा रात्री घाईत ती उलटी लावली. स्विच दाबला, अर्ध्या सेकंदात करपलेला वास आला. फिल्टर गेला. त्यासाठी मी चार महिने पैसे साठवले होते. तेव्हापासून मी केबल लावतो, बोट ठेवून लाल रेघ बघतो, रॅकचं खोकं बंद करतो आणि मगच प्लग लावतो. आउटपुट मॉड्यूलही याचसाठी हवं. आतले सिग्नल घरच्या ऑडिओ सिस्टिमला सोसणाऱ्या पातळीच्या कितीतरी वर असतात. ते उतरवूनच बाहेर काढायचे.

पैशांचं सांगतो. हे स्वस्त नाही. बाहेरून मागवलं की कस्टम्सही लागतं. म्हणून कुठलीही खरेदी करायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरवर व्हीसीव्ही रॅक उतरवून घ्या. फुकट आहे, आणि पडद्यावर अशाच केबली ओढायच्या असतात. तिथे तुम्हाला हवी ती आठच मॉड्यूल्स घेऊन महिनाभर बसा. जे मॉड्यूल रोज हाताला लागतं ते विकत घ्या.

ज्यांना डाग देता येतो, म्हणजे सोल्डरिंग, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. पुण्यात तपकीर गल्लीत जा, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. सीडी४०१०६ ही चिप मागा. तिच्यात सहा इन्व्हर्टर असतात, म्हणजे सिग्नल उलटा करणारी छोटी सर्किटं, घरातला विजेचा इन्व्हर्टर नव्हे. एकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओमचा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, जोडला, नऊ व्होल्टची बॅटरी लावली, की एक ऑसिलेटर तयार. न वापरलेले इनपुट ग्राउंडला जोडायला विसरू नका. आउटपुट एका रेझिस्टरमधून छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला द्या. हा ऑसिलेटर एका व्होल्टाला एक सप्तक या हिशोबाने चालत नाही, पण दोन-तीन जवळजवळ लावून धरले की त्यांच्यातले ठोके ऐकू येतात, तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना येतात तसे. पॉट फिरवत ते ठोके संथ करत न्यायचे. माझ्या ओळखीच्या एका आठवीतल्या मुलीने हे दोन रविवारांत केलं आणि तिच्या आजोबांनी त्यावर सा लावला.

अजून एक. हे अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापमानाने सरकतात. चालू केल्यावर वीसेक मिनिटं तापू द्यावे लागतात, मग लावायचे, आणि मध्येच पुन्हा लावायचे. काही जणांना याचा वैताग येतो. गाण्याच्या बैठकीत बसलेल्या माणसाला येऊ नये. दोन रागांच्या मध्ये तंबोरा लावताना जी शांतता असते, ती मला इथेही मिळते.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हाच रॅक चालू केला होता, आता तापला असेल. मी आधी सा धरतो. ही पिवळी केबल गंधाराची, ही निळी आंदोलनाची. निळी मी शेवटी लावणार आहे. ती लावायच्या आधीचा गंधार नीट ऐकून ठेवा.