काळ्या कापडाखालचा उजेड

बाहेर पुण्याचं कडक ऊन आणि रिक्षांचा गोंगाट. कॉलेजच्या या खोलीत मात्र खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा. टेबलावरचा धागा गळाच्या दोरीसारखा दिसतो. जाडी १ मिलिमीटर. हा सिंटिलेटिंग फायबर. अशा धाग्यांचे थर रचून इथे विद्यार्थी कणांची वाट दाखवणारं यंत्र बनवताहेत.

विद्युतभारित कण आरपार गेला की आतलं पॉलिस्टायरीन क्षणभर निळं चमकतं. बराचसा उजेड बाजूनेच निसटतो. टोकाच्या सेन्सरकडे जातो तो जेमतेम तीन-चार टक्के, म्हणजे काही डझन फोटॉन, प्रकाशाचे कण! म्हणून ही मुलं सकाळपासून टोकं घासताहेत. आधी बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. मग भिंगाखाली धरायचं. ओरखडा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या यंत्रात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच काम.

न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाला मात्र विद्युतभार नाही. सूर्याकडून आलेले सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून जातात, मागमूसही न ठेवता. क्वचित एखादा अणुकेंद्रावर आदळतो, त्यातून भारित कण उडतात, आणि त्यांची वाट हे धागे दाखवतात. जपानच्या के-टू-के प्रयोगात १९९९ पासून पाण्याच्या टाक्यांच्या मधेमधे अशाच धाग्यांचे थर होते. तिथून निघालेले न्यूट्रिनो २५० किलोमीटरवरच्या सुपर-कामिओकांदे या जमिनीखालच्या न्यूट्रिनो-शोधकाकडे जात.

पुण्यात न्यूट्रिनोंचा झोत नाही. पण आकाशातून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड असे भारित कण, येतात, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. चाचणीला तेच कामी येतात. अडचण सेन्सरची: मिट्ट काळोखातही तो खोटे ठोके देतो. म्हणून वर एक आणि खाली एक सिंटिलेटरची पट्टी ठेवलीय. दोन्ही एकाच वेळी बोलल्या, तरच नोंद.

मागच्या आठवड्यात आकडे अचानक वाढले. दोन दिवस सगळे सर्किट तपासत बसले. शेवटी मोबाइलचा टॉर्च कापडावरून फिरवला, तेव्हा कनेक्टरपाशी टाचणीच्या डोक्याएवढी फट सापडली. काळ्या टेपचा एक तुकडा लावला, आकडे खाली आले.

आता रात्रीचे साडेदहा. पडद्यावर ठिपके उमटतात, एकाखाली एक, तिरप्या रेषेत.

"मॅडम, आला! सरळ आरपार गेलाय!"

आठ थर, सात ठिपके. चौथ्या थरातली जागा रिकामी आहे. एका मुलीने वहीत त्या धाग्याचा नंबर लिहून घेतलाय. उद्या त्याचं टोक पुन्हा घासायचं.