2036 चे नवरदेव

दिवाळी होऊन आठ दिवस झालेत. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीकडचं हे गाव, गल्लीत निम्म्या घरांना कुलपं, ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, कोण सांगली-कोल्हापूरकडं, कोण पार कर्नाटकात. मागं राहिली म्हातारी माणसं, थोडी शाळेतली लेकरं आणि पारावर मोबाईल घेऊन बसलेले हे चार-पाच जण. लग्नाचं विचारलं की हसतात. तिशी आली, पण पोरीच मिळंनात म्हणतात, मिळाली तर तिच्या बापाला पुण्यातला नोकरीवाला पाहिजे.

आता नोकरी, कोरडवाहू शेती, डोक्यावरची उचल, म्हणजे ऊसतोडीआधी घेतलेले आगाऊ पैसे, ही कारणं आहेतच, कोण नाही म्हणतंय. पण एक कारण कागदावर आधीच लिहून ठेवलेलं होतं. 2001 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयाच्या 1000 मुलांमागं 894 मुली होत्या. ती मुलं म्हणजे हीच, पारावरची. आणि 2011 ला हाच आकडा आला 807.

थांबा जरा इथं. पारावरच्यांची अडचण ही 894 ची आहे. 807 वाली पोरं अजून दहावी-बारावी नाहीतर कॉलेजात आहेत, 2036 ला ती 25 ते 31 ची होतील. नवरदेव जन्मून बसलेत, नवऱ्या तेवढ्या जन्मल्याच नाहीत, किंवा जन्मू दिल्या नाहीत म्हणा. कोणी म्हणेल, पोरगी चार-पाच वर्षांनी लहान बघू की. बघा, पण दरवर्षी जन्मच कमी व्हायला लागले तर खालच्या वयाच्या पोरी अजूनच कमी भरणार.

हे भविष्य नाही, पंचांगही नाही. याला लोकसंख्येचं प्रोजेक्शन म्हणतात आणि त्याची रीत तशी सोपी आहे. पाच-पाच वर्षांचे वयोगट करायचे, त्यातून मरणारे वजा करायचे, उरलेले पुढच्या गटात ढकलायचे. खाली नवीन जन्म घालायचे, बाहेरून आलेले मिळवायचे, गेलेले वजा करायचे. 2011 पासून पाच वेळा असं पुढं सरकलं की आलं 2036. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटानं असाच हिशोब मांडला, त्यात भारत 121 कोटींवरून 152 कोटींवर जातो, आणि साठीच्या पुढचे 10 कोटींवरून 23 कोटींवर. म्हाताऱ्यांचा आकडा तसा पक्का असतो, 2036 ला साठीत असणारा माणूस कधीच जन्मलाय ना, फक्त जगेल किती एवढंच बघायचं.

जन्माचं मात्र धरून चालावं लागतं. 2019-21 च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी 1.7 मुलं होती, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागतात त्या 2.1 च्या खाली, तरी लोकसंख्या लगेच घटत नाही कारण लेकरं होण्याच्या वयातल्या बायकाच अजून भरपूर आहेत. लोक इथं गोंधळतात, एकीकडं लोकसंख्या वाढली म्हणून ओरडायचं अन् दुसरीकडं पट नाही म्हणून वस्तीवरची शाळा बंद पडते. दोन्ही खरं आहे, एकाच वेळी.

आणि सगळ्यात कच्चं गणित स्थलांतराचं, म्हणजे नेमकं आपलंच. तांत्रिक गटाचा तो हिशोब राज्याचा आहे, जिल्ह्याचा नाही, तालुक्याचा तर नाहीच. त्यामुळं कोणी छातीठोकपणे तुमच्या तालुक्याचा 2036 चा आकडा सांगितला तर त्याला विचारा, बाबा, गेलेली माणसं कुठं धरलीस?

कारण 2011 ची मोजणी झाली 9 ते 28 फेब्रुवारीत. फेब्रुवारी म्हणजे साखर कारखाने जोरात, कोयते उसाच्या फडात. नियम असा की मोजणीचा पूर्ण काळ जो गावाबाहेर आहे त्याला तो सापडेल तिथं मोजायचं. म्हणजे कोपीतलं, फडावरच्या झोपडीतलं, कुटुंब मोजलं गेलंच असेल तर कारखान्याच्या गावात. सहा महिन्यांनी तेच कुटुंब आपल्या गावात हंडा घेऊन टँकरसमोर उभं. नळ योजना तीस वर्षांचा लोकसंख्येचा अंदाज धरून आखतात, त्यात सुरुवातीचाच आकडा असा असला की पुढचं काय सांगायचं. रेशनचंही तेच, अन्न सुरक्षा कायद्यातला कोटा 2011 च्या आकड्यावर बसवलेला, त्यानंतर लग्न होऊन आलेल्या सुना, झालेली लेकरं नाव चढवायला खेटे घालायलेत. 2021 ची जनगणना तर झालीच नाही.

आता पुढची मोजणी 2027 ला, तीही फेब्रुवारीत. या गल्लीत मोजणीदार येईल तेव्हा बहुतेक कुलपंच असतील. हे कोपऱ्यावरचं घर तेवढं उघडं राहील, इथल्या आजीचे गुडघे गेलेत, ती चार वर्षं झाली फडात गेली नाही.