देव वर्षभर रस्त्यावर फिरतो

तेनोच्तित्लानच्या, म्हणजे जुन्या मेक्सिकोतल्या राजधानीच्या, रस्त्यानं एक तरुण बासरी वाजवत चाललाय. हातात फुलं, मागे सेवकांचा ताफा. समोरून येणारी माणसं वाकतात, बोटानं माती उचलून ओठांना लावतात. हा कुणी राजपुत्र नाही. युद्धात पकडलेला कैदी आहे. आणि आज तो तेस्कात्लिपोका आहे, मेशिका लोकांचा, म्हणजे ज्यांना आपण अ‍ॅझटेक म्हणतो त्यांचा, सगळ्यांत लहरी देव.

निवड कडक असे. फार उंच नको, बुटका नको, अंगावर व्रण नको, दातात खोट नको. मग वर्षभर शिकवणी: बासरी कशी वाजवायची, बोलायचं कसं, फुलं कशी धरायची. खुद्द सम्राट मोक्तेसुमा त्याला दागिन्यांनी सजवत असे. शेवटचे २० दिवस देवींची नावं धारण केलेल्या चार स्त्रिया त्याच्या पत्नी म्हणून राहत. मग तोश्कात्लचा सण येई. तो स्वतःच्या पायांनी मंदिराच्या पायऱ्या चढे, पायरीपायरीवर एकेक बासरी मोडत. वर पुरोहित वाट बघत उभे असत. त्याचा बळी गेला की पुढच्या वर्षाचा तेस्कात्लिपोका रस्त्यावर यायचा.

अंगात येणं आपल्याला ठाऊक आहे. वारं येतं, घटकाभर राहतं, जातं. इथे ते वर्षभर उतरत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्यामुळे. त्यानं मेशिका वडीलधाऱ्यांना बोलतं केलं आणि त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत १२ खंड लिहून घेतले. मूर्तिपूजा उखडायची म्हणून केलेली ही नोंद. तिच्यातच ती टिकली!

त्या नोंदींतला देव आकाशात बसून खाली बघत नाही. तो शक्ती आहे, आणि शक्तीला अंग लागतं. ते अंग माणसाचं असेल, दगडाचं असेल, पिठाचंही असेल. राजगिऱ्याचं पीठ मळून वित्सिलोपोच्त्ली या युद्धदेवाची मूर्ती घडवत, तिला वस्त्रं नेसवत, पूजत, आणि शेवटी तिचे तुकडे करून खात. आपला उपवासाचा राजगिरा मुळात अमेरिकेतलाच. स्पॅनिश पाद्र्यांना मात्र हे देव खाणं फारच झोंबलं. त्यांच्या स्वतःच्या वेदीवर दर रविवारी ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर खाल्ली जाते, हे लक्षात घेतलं तर त्याचं नवल वाटत नाही.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडलं. त्यानंतर बरोबर २६९ वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९० ला, त्याच जागी उभ्या राहिलेल्या मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकाम करताना कोआत्लिक्वे सापडली. सुमारे अडीच मीटर उंचीची देवी. डोक्याच्या जागी समोरासमोर भिडलेली दोन सापमुखं, गळ्यात माणसांच्या हातांची आणि काळजांची माळ, कमरेला सापांचा घागरा. तिच्या तळव्याखालीही कोरीवकाम आहे, त्लाल्तेकुत्ली या भूदेवतेचं. मूर्ती उभी केली की ते कुणालाच दिसणार नाही. कारागिरानं ते तरीही तितक्याच मेहनतीनं कोरलंय, कारण ते बघणाऱ्यासाठी नव्हतंच. ते जमिनीला टेकायला होतं.

मूर्ती विद्यापीठाच्या आवारात नेऊन ठेवली. विद्वानांच्या लेखी ती पुराणवस्तू होती. पण मूळचे रहिवासी मेणबत्त्या आणि फुलं घेऊन येऊ लागले, तसे अधिकारी घाबरले आणि देवीला तिथंच पुरून टाकलं. पुढे १८०३ मध्ये आलेल्या हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञ-प्रवाशासाठी ती उकरून काढली. त्याचं बघून झालं, आणि ती पुन्हा मातीखाली गेली.