चौदा संघांचा जॉश जॉन्सन

मंडळी, अमेरिकन फुटबॉलवर बोलायचं म्हटलं की लोकांना टॉम ब्रेडी ऐकायचा असतो. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, त्याच्या नावावर एकच विक्रम आहे. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ३२ संघांपैकी १४ संघांनी त्याला कधी ना कधी करारावर घेतलं. आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांत होता, आपले पुणे वॉरियर्स त्यात आले. पण फिंच खेळायचा, पुण्याचा तर कर्णधार झाला. जॉश जॉन्सन यांतल्या बऱ्याच ठिकाणी एकही अधिकृत सामना खेळलेला नाही. आला, सराव केला, नारळ मिळाला, पुढच्या गावी गेला.

जन्म १९८६, गाव कॅलिफोर्नियातलं ओकलंड. खेळायला गेला सॅन डिएगो विद्यापीठात, जिथे फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. तिथे त्याला प्रशिक्षक लाभला जिम हार्बॉ. हे नाव लक्षात ठेवा. २००७ च्या हंगामात पोराने ४३ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला फक्त एकदा. २००८ मध्ये एनएफएलच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत टॅम्पा बे या संघाने त्याला पाचव्या फेरीत, १६० व्या क्रमांकावर उचललं. तिथल्या चार वर्षांत पाच सामन्यांत तो पहिल्यापासून उतरला आणि पाचही हरला. संघही बेताचाच होता, पण असा आकडा एकदा कपाळी चिकटला की सुटत नाही.

आता जरा हिशेबाकडे वळू, कारण या माणसाचं आयुष्य हिशेबानेच ठरलंय. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टअखेर ५३ उरतात. म्हणजे साऱ्या लीगमधून हजाराहून जास्त माणसं कमी होतात, त्यातली बरीचशी एकाच दिवशी. काहींना नंतर सराव तुकडीत जागा मिळते, बाकीचे घरी. जॉन्सन क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. तो एका वेळी एकच खेळतो. त्यामुळे संघ दोन ठेवतात, फार तर तीन.

त्यात अनुभव महाग पडतो. किमान पगार वर्षांनुसार चढतो. २०१८ मध्ये नवख्याला किमान ४ लाख ८० हजार डॉलर होते, दहा वर्षं काढलेल्याला १० लाख १५ हजार. शिवाय चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल, तर पुढे काढलं तरी त्याला वर्षाचा उरलेला पगार मागता येतो. मग संघ काय करतात? पहिला आठवडा जाऊ देतात आणि गरज पडली की फोन करतात. मंगळवारी चाचणी, बुधवारी सही, रविवारी सामना. चाचणीला आलेले बाकीचे संध्याकाळच्या विमानाने परत.

असा एक फोन डिसेंबर २०१८ मध्ये आला, वॉशिंग्टनहून. तिथल्या ॲलेक्स स्मिथचा पाय नोव्हेंबरात मोडला होता, मग त्याच्या जागी आलेल्या कोल्ट मकॉयचाही मोडला. जॉन्सनने २०११ नंतर एनएफएलमध्ये एकही पास फेकलेला नव्हता. त्याच्या आठवडाभर आधी, सुरू व्हायच्या असलेल्या एका नव्या लीगने त्याला क्वार्टरबॅकच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलं होतं. तो तिकडे जायचा, तो इकडे आला. नव्या सहकाऱ्यांची नावं पाठ करायला त्याने मॅडन हा एनएफएलच्या खेळाडूंचा व्हिडिओ गेम लावला! लोकांनी याची गंमत केली. मला त्यात गंमत वाटत नाही, चार दिवस हातात असताना दुसरं काय करणार?

कारण कठीण भाग हात-पाय नव्हे, भाषा. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून डाव सांगतो. तो दहा-बारा शब्दांचा असतो: कोण कुठे उभा, कोण कुठून पळणार, कोणी कुणाला अडवायचं. डाव सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरली की रेडिओ बंद. त्याआधी ऐकायचं, दहा जणांना न अडखळता सांगायचं आणि समोरचा बचाव बघून गरज पडल्यास बदलायचं. तोच डाव दुसऱ्या संघात दुसऱ्या नावाने. जॉन्सनला अशा किती बोली येत असतील! त्याचा खरा धंदा हा. चेंडू लांब फेकणारी पोरं दर वर्षी कॉलेजांतून मिळतात, पण बुधवारी वही हातात दिली तर रविवारी डाव चालवील असा माणूस मिळत नाही.

त्या रविवारी जायंट्सविरुद्ध तो उतरला तेव्हा धावफलक जायंट्सच्या बाजूने ४०-०. एक टचडाउन फेकून, एक पळून त्याने तो ४०-१६ केला. पुढच्या आठवड्यात जॅक्सनव्हिलमध्ये १६-१३. सुरुवातीपासून खेळून मिळालेला हा पहिला विजय, निवडीनंतर दहा वर्षांनी.

याला ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून विकतात, ते मला पटत नाही. जिद्द दर वर्षी कमी होणाऱ्या त्या हजारांकडेही असते. जॉन्सनला पुन्हा पुन्हा बोलावणारी माणसं ओळखीची होती. कॉलेजातला जिम हार्बॉ सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा प्रशिक्षक झाला, त्याने २०१२ मध्ये घेतलं. बाल्टिमोर रेव्हन्सचा तेव्हाचा प्रशिक्षक जॉन हार्बॉ, जिमचा सख्खा भाऊ. वशिला म्हणा हवं तर. मी विश्वास म्हणेन, पण तो स्वस्तातला विश्वास होता. एकाही संघाने त्याच्या जोरावर हंगाम आखला नाही.

याची किंमत दिसली २९ जानेवारी २०२३ ला, फिलाडेल्फियात. ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याला एकच पायरी बाकी, जॉन्सन चौथ्यांदा फोर्टीनाइनर्सकडे. त्या हंगामात त्यांचे दोन क्वार्टरबॅक आधीच जायबंदी होते, आणि पहिल्याच सत्रात ब्रॉक पर्डीच्या कोपराचा स्नायुबंध फाटला. ३६ वर्षांचा जॉन्सन उतरला, १३ पैकी ७ पास पूर्ण केले, मध्यांतराआधी चेंडू हातून निसटला आणि तिसऱ्या सत्रात डोकं आपटून तोही बाहेर. मग चेंडू धड फेकता न येणारा पर्डी परत आला. ३१-७ ने हार.

त्यानंतर मे महिन्यात संघमालकांनी नियम केला की सामन्याला तिसरा, आणीबाणीचा क्वार्टरबॅक जादा ठेवता येईल, पण तो ५३ जणांतला हवा. म्हणजे वर्षभर पूर्ण पगाराची एक जागा जॉन्सनसारख्यांसाठी तयार झाली. बाल्टिमोरने त्या वर्षी त्याला पुन्हा बोलावलं. २०२४ मध्ये मालकांनी अट सैल केली आणि आता सराव तुकडीतला क्वार्टरबॅकही चालतो. त्याचा पगार बराच कमी असतो.