जकातीचा माल आणि अधिकाऱ्याची भेट

इब्नुल लुतबिय्या जकात, म्हणजे ऐपतदार मुसलमानांनी द्यायचं सक्तीचं धार्मिक दान, गोळा करून मदिनेत परतला होता. बनू सुलैम टोळीकडे त्याला पैगंबर मुहम्मद यांनीच धाडलं होतं. हिशेबाला बसल्यावर त्याने मालाचे दोन वाटे केले. 'हे तुमचं. आणि हे मला भेट मिळालंय.'

जकात गोळा करणाऱ्याचा मेहनताना जकातीतूनच द्यावा, असं कुरआन सांगतं. आठ हक्कदारांत त्याचीही गणना आहे. म्हणजे ही भेट त्यावर वरकड. पैगंबरांनी विचारलं, 'आईबापाच्या घरी बसून राहिला असतास, तर ही भेट तुझ्याकडे आली असती का?' मग ते मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर, उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकवलं: असा माल घेणारा कयामतच्या, म्हणजे अंतिम निवाड्याच्या, दिवशी तो मानेवर वाहून आणेल, मग तो ओरडणारा उंट असो, हंबरणारी गाय असो की बें बें करणारी बकरी. माल लोकांचा होता, म्हणून जाबही लोकांसमोर विचारला गेला. मला हे फार मोलाचं वाटतं.

632 साली, पैगंबरांच्या पश्चात, हजरत अबू बकर पहिले खलिफा, म्हणजे मुसलमानांचे प्रमुख, झाले. ते कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावरही खांद्यावर कापड टाकून ते बाजाराला निघाले, असं सांगतात. तेव्हा त्यांना बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, भत्ता बांधून दिला गेला.

त्यांच्यानंतरचे खलिफा हजरत उमर यांच्या काळात इराक, सीरिया, इजिप्तचा महसूल येऊ लागला, तसा दीवान सुरू झाला. कोणाला किती द्यायचं, याच्या रीतसर नोंदवह्या. अधिकारी नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून ठेवत. पुढे ती अवाच्या सवा वाढलेली दिसली, तर जप्तीही होई.

आणि उमर यांनी स्वतःच्या जमिनीचं काय केलं? पैगंबर हयात असतानाच अरबस्तानातल्या खैबरमध्ये त्यांच्या वाट्याला जमीन आली होती. इतकी मोलाची मालमत्ता त्यांना कधीच मिळाली नव्हती. पैगंबरांच्या सल्ल्याने त्यांनी ती वक्फ केली, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची राखून ठेवली. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही. उत्पन्न जाईल गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या सुटकेसाठी, वाटसरूंना, पाहुण्यांना. देखरेख करणाऱ्याने त्यातून रीतीप्रमाणे खावं, मित्रालाही खाऊ घालावं. धन मात्र साठवू नये. आज महाराष्ट्रात दर्ग्याची किंवा मशिदीची जमीन सांभाळणाऱ्या मुतवल्लीवर हेच बंधन आहे, आणि 1995 चा वक्फ कायदा त्याच्याकडून दरवर्षी हिशेब मागतो.

खैबरच्या त्या जमिनीची देखरेख उमर यांनी आपली मुलगी, हजरत हफ्सा, यांच्यावर सोपवली. त्यांच्या पश्चात ती घराण्यातल्या जाणत्या माणसाकडे जावी, हेही दस्तऐवजात लिहून ठेवलं.